यादीत काय नाही, ते आधी बघ

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागात तुला निर्बंध तपासणीचं टेबल मिळालं, आणि महिन्याभरातच हे सगळं कागदी घोडे नाचवणं वाटायला लागलं. रशियावर इतके निर्बंध घातले तरी युक्रेनमधलं युद्ध थांबत नाही, मग मी दिवसभर गिऱ्हाइकांची नावं निर्बंधांच्या यादीशी कशाला जुळवत बसू, असं विचारतेस. प्रश्न रास्त आहे. माझी नोकरी बॅलार्ड इस्टेटमध्ये जहाजांच्या विम्यात गेली, त्यामुळे मी उत्तर त्याच बाजूने देणार.

निर्बंधांनी रणगाडे जागच्या जागी थांबत नाहीत. आक्रमण करणाऱ्याला युद्ध महाग पडावं, त्याचं सामान उशिरा आणि कमी प्रतीचं मिळावं, एवढंच त्यांच्याकडून होतं. म्हणून ‘थांबलं का’ हा प्रश्न बाजूला ठेव आणि ‘महाग किती पडलं, आणि कुणामुळे स्वस्त झालं’ हे विचारायला लाग. फेब्रुवारी २०२२ च्या शेवटी रशियाच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर एका दिवसात २० टक्क्यांवर नेला, परदेशात ठेवलेली सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठली, रुबल गडगडला. रशियाचं दिवाळं निघालं, असं लोक म्हणाले. जूनमध्ये तोच रुबल युद्धाच्या आधीपेक्षा वधारला, तेव्हा तेच लोक म्हणाले, निर्बंध फसले. दोन्ही वेळा घाई झाली. आयात आटली होती आणि तेल-गॅसचे पैसे मात्र धो धो येत होते, कारण युरोप तेव्हाही रशियाचं तेल आणि गॅस घेतच होता.

ही खोड जुनी आहे. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला. राष्ट्रसंघाने इटलीवर निर्बंध घातले. शस्त्रं बंद, कर्ज बंद, इटलीचा माल घेणं बंद. इटलीला काय विकायचं नाही, त्या यादीत रबर होतं, कथील होतं, खेचरं आणि उंटसुद्धा होते. तेल नव्हतं. कोळसा नव्हता. सुएझ कालवा उघडाच राहिला आणि इटलीची सैन्याने भरलेली जहाजं तिथून बिनदिक्कत जात राहिली. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडलं, जुलैमध्ये निर्बंध उठवले. खेचरांवर बंदी घालणाऱ्यांना लढाई कशावर चालते हे ठाऊक नव्हतं, असं मला वाटत नाही. तेल बंद करायचं तर त्यांनाही झळ लागणार होती. त्यामुळे कुठलीही नवी यादी आली की आत काय आहे यापेक्षा बाहेर काय ठेवलंय ते आधी बघ, आणि कुणाच्या सोयीसाठी ठेवलंय ते शोध.

आता माझ्या धंद्याकडे येतो. समुद्रावरून येणारं रशियन कच्चं तेल घेणं युरोपीय संघाने बंद केलं ते ५ डिसेंबर २०२२ ला, हल्ल्यानंतर नऊ महिन्यांनी. त्याच दिवशी जी-७ देशांची दरमर्यादा लागू झाली: तेव्हा बॅरलला ६० डॉलर. त्याहून महाग विकलेलं तेल वाहणाऱ्या जहाजाला पाश्चात्त्य विमा मिळणार नाही. हे हत्यार कुठून आलं, ते समजून घे. जगातल्या समुद्री जहाजांच्या क्षमतेपैकी सुमारे ९० टक्के क्षमतेचा दायित्व विमा १२ पी अँड आय क्लब, म्हणजे जहाजमालकांच्या परस्पर विमा संस्था, मिळून उतरवतात. टँकर फुटून किनारा तेलाने माखला तर भरपाई हे क्लब देतात. त्यांचा कागद नसेल तर चांगलं बंदर टँकरला आत घेताना दहादा विचार करतं. एवढी ताकद हातात असून ती पूर्ण वापरायची नव्हती, कारण रशियाचं तेल बाजारातून नाहीसं झालं असतं तर भाव सगळ्यांचेच भडकले असते. म्हणून तेल वाहू द्यायचं, पैसा कमी जाऊ द्यायचा, असं ठरलं.

आणि तेल मर्यादेच्या खाली विकलं, याचा पुरावा काय? एक पत्र. विमेवाल्याला तेलाचं बिल दिसत नाही. विमा घेणारा, म्हणजे जहाजमालक किंवा जहाज भाड्याने घेणारा, सही करून लिहून देतो की दर मर्यादेच्या आत आहे, आणि ते पत्र फाइलला लागतं. मग तेलाचा दर मर्यादेच्या आत दाखवायचा आणि उरलेला पैसा भाड्यात, विम्यात, ‘इतर खर्चा’त घालायचा, ही युक्ती सुचायला वेळ लागला नाही. बाल्टिकमधल्या प्रिमोर्स्कहून गुजरातपर्यंतचं भाडं बाजारभावाच्या कितीतरी वर दिसलं, तर ते भाडं नसतं. हे ओळखायला हेरगिरी लागत नाही, त्या आठवड्याचे भाड्याचे दर शेजारी ठेवून बघावे लागतात. ते कुणी बघत नाही, म्हणून फावतं.

पुढे क्लबांचा विमाच नको म्हणणारी जुनी टँकर आली. मालक दुबईत किंवा कुठल्याशा बेटावर, झेंडा गॅबनचा किंवा कुक बेटांचा, विमा कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, आणि भर समुद्रात ठावठिकाणा दाखवणारं यंत्र बंद. या जहाजांवर आपल्या रत्नागिरी-रायगडची पोरं एजंटांच्या नादाने चढू शकतात, म्हणून मला ही गोष्ट लांबची वाटत नाही. पगार न देता खलाशांना जहाजावर वाऱ्यावर सोडण्याच्या घटना मोजल्या तर २०२४ मध्ये सगळ्यात जास्त बळी भारतीय होते. तुझ्या ओळखीत कुणी अशा जहाजावर निघाला असेल, तर करारावर सही करण्याआधी जहाजाचा आयएमओ क्रमांक (नाव-झेंडा बदलला तरी न बदलणारा ओळख क्रमांक) आणि विमा कुणाचा आहे, हे त्याला शोधायला लाव. झेंडा वर्षभरात दोनदा बदललेला असेल तर जाऊ नको म्हणून सांग.

आपला देश या चित्रात कुठे आहे, हेही डोळे उघडे ठेवून बघ. युद्धाआधी आपल्या तेल आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहून कमी होता, नंतर तो एक तृतीयांशाच्या वर गेला. भारत फक्त सुरक्षा परिषदेचे निर्बंध मानतो, आणि सुरक्षा परिषदेत रशियाकडे नकाराधिकार आहे. २ मार्च २०२२ ला आमसभेत १४१ देशांनी आक्रमणाचा निषेध केला, ५ विरोधात गेले, ३५ तटस्थ राहिले, त्यांत आपण होतो. स्वस्त तेलाने आपल्या तिजोरीला हात दिला, हे खरं. त्या तेलाच्या पैशातून रशियाचा युद्धखर्च निघतो, हेही तितकंच खरं. पहिलं सांगताना दुसरं गिळू नकोस, कँटीनमध्ये सुद्धा.

पण आपण तेल घेतल्यावरही रशियावर दबाव कसा येतो, त्याचं उदाहरण आपल्या गोव्यात दिसलं. मे २०२३ मध्ये बाणावलीला शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक होती. भारतीय बँकांत अब्जावधी रुपये साठलेत आणि ते वापरायचे तर दुसऱ्या चलनात न्यावे लागतील, ही अडचण आहे, असं रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव तिथे पत्रकारांना म्हणाले. तेल त्यांनी आपल्याला भरपूर विकलं, आपल्याकडून विकत घ्यायला त्यांना तेवढं काही नव्हतं. पैसा मिळाला तरी हवा तिथे खर्चता येत नाही, हाही दंडच आहे. तुझ्या बँकेतल्या वोस्ट्रो खात्यांकडे, म्हणजे परदेशी बँकांनी आपल्याकडे उघडलेल्या रुपयांच्या खात्यांकडे, या नजरेने बघ.

तुझ्या टेबलाचं महत्त्व २२ डिसेंबर २०२३ नंतर वाढलं. रशियाच्या शस्त्रउद्योगाला मदत करणाऱ्या कुठल्याही परदेशी बँकेला डॉलरच्या व्यवस्थेतून बाहेर काढू, असा आदेश अमेरिकेने त्या दिवशी काढला. त्यानंतर तुर्कस्तान, दुबई आणि चीनमधल्या बँका एकाएकी कागद नीट वाचू लागल्या, रशियन पैसे आठवडे अडकू लागले. जे भाषणांनी झालं नव्हतं, ते बँकेतल्या तपासनिसांनी केलं.

त्यांच्या हातून काय अडायला हवं, ते सांगतो. ८ जुलै २०२४ ला कीवमधल्या ओख्मातदित या मुलांच्या रुग्णालयावर क्षेपणास्त्र आदळलं. युक्रेनच्या म्हणण्यानुसार ते रशियाचं ख-१०१ होतं. या जातीच्या क्षेपणास्त्रांचे अवशेष उघडले तेव्हा आत पाश्चात्त्य कंपन्यांच्या चिप सापडल्या आहेत. त्या चिप सहसा कुठल्याही कारखान्याने थेट मॉस्कोला विकलेल्या नसतात. मधे एक कंपनी असते: बिश्केकमध्ये किंवा इस्तंबूलमध्ये, स्थापना मार्च २०२२ नंतरची, काल कपडे विकणारी आणि आज एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) ८५४२ चा, म्हणजे इंटिग्रेटेड सर्किटचा, माल मागवणारी. नाव कुठल्याही यादीत नसतं. तुझं सॉफ्टवेअर हिरवा दिवा दाखवेल. तिथे तू हवीस.

तेव्हा हिरव्या दिव्यावर फाइल पुढे ढकलू नकोस. खरेदीदार कंपनी कधी स्थापन झाली, आधी काय विकत होती, आणि माल ज्या देशात चाललाय तिथे एवढ्या मालाला गिऱ्हाईक आहे का, हे विचार. उत्तर गोलमोल आलं तर कागद परत पाठव आणि परत का पाठवला ते लेखी नोंदव, कारण वरून फोन येतील आणि तेव्हा तोंडी बोलणं कामाला येत नाही. औषधं आणि धान्य मात्र अडवू नकोस. त्यांना निर्बंधांतून सूट आहे, आणि घाबरट बँका नसती जोखीम नको म्हणून तेही रोखतात, तेव्हा मार सामान्य माणसाला बसतो. अशी फाइल आली तर ती त्याच दिवशी सोडवून दे.

सोमवारी तुझ्या साहेबांकडे मागच्या सहा महिन्यांतल्या मध्य आशियाच्या एल.सी., म्हणजे बँकेने पैशांची हमी दिलेली पतपत्रं, माग. त्यांतल्या ८५४२ च्या वेगळ्या काढून वाचायला बस.

तुझा,
काका