एक असंतोष, तीन इंग्रजी शब्द

दापोली तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीची शंका अशी: स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीसाठी ती लोकमान्य टिळकांवरचे इंग्रजी उतारे वाचते आहे. त्यांत 'अनरेस्ट', 'डिसकन्टेन्ट' आणि 'डिसअफेक्शन' हे तीन शब्द सारखे येतात आणि कोशात तिन्हींपुढे 'असंतोष' दिलेलं असतं. मग कुठे कोणता वापरायचा? शिवाय टिळकांना 'ट्रान्सपोर्टेशन'ची शिक्षा झाली असं वाचून ती चक्रावली आहे, कारण शाळेत या शब्दाचा अर्थ 'वाहतूक' एवढाच शिकवला होता.

उतारे मात्र झकास निवडलेत. टिळकांचं मूळ गाव चिखलगाव तुमच्याच तालुक्यातलं. आणि या तिन्ही शब्दांचा टिळकांच्या आयुष्याशी संबंध आलेला आहे, एकाचा तर थेट कोर्टात.

तो म्हणजे डिसअफेक्शन. १८९७ साली 'केसरी'तल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. कलम १२४ अ. त्यात शब्द होता डिसअफेक्शन, आणि सगळं त्याच्या अर्थावर अडलं. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्युरीला सांगितलं की डिसअफेक्शन म्हणजे अफेक्शनचा अभाव. पुढे द्वेष, वैर, तिरस्कार हे सगळं त्यांनी त्यात घातलंच, पण सुरुवात केली ती अभावापासून. म्हणजे सरकारबद्दल प्रेम वाटत नाही एवढ्यावरही माणूस गुन्हेगार! ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवलं, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. शिक्षा दीड वर्षाची झाली.

स्ट्रेचींची चलाखी मराठी माणसाच्या चटकन लक्षात यावी, कारण आपला नकाराचा 'अ' तसाच दुतोंडी आहे. 'अज्ञान' म्हणजे ज्ञानाचा अभाव, पण 'अधर्म' म्हणजे नुसता धर्माचा अभाव नव्हे, धर्माच्या उलट वागणं. संस्कृत व्याकरणात अभाव आणि विरोध हे 'अ'चे वेगवेगळे अर्थ म्हणून नोंदवलेले आहेत. इंग्रजी 'डिस'चंही तसंच. रूढ इंग्रजीत डिसअफेक्शन विरोधाच्या बाजूला झुकतो: ज्याच्याशी निष्ठा असायला हवी त्याच्यावरून मन उडणं, त्याच्याशी फटकून असणं. कायद्याच्या मराठीत यासाठी 'अप्रीती' हा शब्द घडवला आहे. बोलताना तो कोणी वापरत नाही, पण माझ्या मते तो 'असंतोषा'पेक्षा कितीतरी नेमका आहे. १८९८ साली कलमच बदललं आणि डिसअफेक्शनमध्ये बेइमानी आणि वैरभाव येतो असा खुलासा त्यात घातला गेला. पुढे १९२२ च्या खटल्यात गांधीजींनी याच शब्दावर बोट ठेवून सांगितलं की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही.

अनरेस्टची गोष्ट वेगळी. व्हॅलेंटाइन चिरोल या 'टाइम्स'च्या पत्रकाराने १९१० साली 'इंडियन अनरेस्ट' हे पुस्तक लिहिलं आणि त्यात टिळकांना हिंदी अनरेस्टचे जनक म्हटलं. त्याच्या लेखी तो आरोप होता. आपण त्याचं 'भारतीय असंतोषाचे जनक' केलं आणि आरोपाची पदवी झाली. भाषांतर सुंदर आहे, पण शब्दशः नाही. अनरेस्ट म्हणजे अशांतता, खळबळ, रस्त्यावर दिसणारी अस्वस्थता. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस काम बंद ठेवलं, ते अनरेस्ट. मनातल्या मनात कुढणाऱ्याला हा शब्द लावत नाहीत.

त्या कुढण्याला डिसकन्टेन्ट म्हणतात. नाराजी, धुसफूस. तिन्ही शब्द एका ठिकाणी बघायचे तर हर्णैच्या बंदरावर चला. एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटींमुळे आपल्या जाळ्यात काही लागत नाही, म्हणून छोटे मच्छीमार लिलावाच्या वेळी आपापसात चरफडतात, हा डिसकन्टेन्ट. तेच लोक बोटी नांगरून मत्स्यव्यवसाय खात्याच्या कचेरीवर मोर्चा नेतात, तेव्हा बातमीत अनरेस्ट. आणि पुढारी बोटमालकांना सामील आहे असं वाटून सोसायटीचे सभासदच त्याला विचारेनासे झाले, तर ते डिसअफेक्टेड. पक्षातल्या 'नाराज गटा'लाही इंग्रजी पेपरवाले हेच विशेषण लावतात.

आता ट्रान्सपोर्टेशन. 'पार नेणं' हा मूळ अर्थ धरलात की वाहतूकही समजते आणि शिक्षाही. कोर्टाने दोषी ठरवून समुद्रापार धाडणं म्हणजे ट्रान्सपोर्टेशन, आपल्याकडचं काळं पाणी. टिळकांना १९०८ मध्ये हीच शिक्षा सुनावली गेली. पुढे ती साध्या कैदेत बदलून त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. त्याच्या आदल्याच वर्षी लाला लजपतरायही मंडालेला गेले होते, पण त्यांच्यावर खटला झालाच नव्हता. १८१८ च्या रेग्युलेशनखाली सरकारने त्यांना नुसतं उचलून नेलं. ते डिपोर्टेशन. गाव एकच, शब्द दोन, आणि फरक खटल्याचा.

याच पठडीतले आणखी दोन शब्द रत्नागिरीतच सापडतात. मंडाले ज्याची राजधानी, तो थिबा राजा इंग्रजांनी पदच्युत करून रत्नागिरीत आणून ठेवला आणि १९१६ साली तो तिथेच वारला. त्याचं ते एक्झाइल. त्यात देश सुटण्यावर भर असतो, मग कोर्टाचा हुकूम असो की नसो. म्हणजे रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेला आणि मंडालेचा राजा रत्नागिरीला, अशी ही अदलाबदल! सावरकरांना १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायला बंदी होती, त्याला इंटर्नमेंट म्हणतात. मराठीत स्थानबद्धता.

जाता जाता आणखी एक शब्द. १९०८ च्या निकालानंतर टिळक जे बोलले ते मुंबई उच्च न्यायालयात कोरून लावलेलं आहे: ज्युरीचा व्हर्डिक्ट काहीही असो, 'आय मेन्टेन दॅट आय ॲम इनोसन्ट.' इथे मेन्टेन म्हणजे देखभाल नव्हे, ठामपणे म्हणत राहणं. हा अर्थ परीक्षेत हमखास विचारतात आणि निम्मी मुलं 'राखणे' लिहून येतात. व्हर्डिक्ट ज्युरीचा आणि सेंटेन्स न्यायाधीशाचा, हेही लक्षात असू द्या. १९०८ मध्ये व्हर्डिक्ट सात विरुद्ध दोन असा झाला आणि सेंटेन्स न्यायमूर्ती दावरांनी सुनावला.

वाक्यात वापरताना पुढचं अव्ययही जपा. डिसअफेक्शनपुढे बहुधा 'टुवर्ड्‌स' किंवा 'विथ' येतं. डिसकन्टेन्टपुढे माणूस किंवा परिस्थिती असेल तर 'विथ', एखादा प्रश्न असेल तर 'ओव्हर'. अनरेस्ट लोकांमध्ये असतो म्हणून 'अमंग', प्रदेशात असतो म्हणून 'इन'. आणि अनरेस्टच्या आधी 'ॲन' लावू नका, शेवटी 'एस'ही नको. मोर्चे दहा निघाले तरी अनरेस्ट एकवचनीच.