पण ते असो

प्रश्न : माझे यजमान शाहीर आहेत. लग्नापासून दोघंही चळवळीत. गावोगाव बायका जमवून दारूबंदीचं काम मी केलं. कार्यक्रमांच्या तारखा, साथीदारांची बिदागी, टेम्पो, सगळं मीच बघते. आता त्यांच्या एकसष्टीचा सत्कार आहे, पोवाड्यांचं पुस्तकही निघतंय, प्रुफं मीच तपासतेय. त्यातलं आडव्या बाटलीचं कडवं मी ट्रॉलीत बसून जुळवलं होतं, पण ते असो. सत्कारात माझी फक्त ओटी भरणार आहेत. हे देवमाणूस, त्यांना काय बोलणार? मुलगा सांगतो, अमेरिकेतल्या पीट सीगर या लोकगायकाची बायको तोशीही अशीच मागे राहून राबली. मग मलाच का खुपतं? (पत्र संक्षिप्त)
– शाहिरांची मंडळी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, ते असू द्यायचं नाही.

चार पानं ओटीवर लिहिलीत आणि कडव्याला अर्धी ओळ! मतपत्रिकेवरची आडवी बाटली म्हणजे दारूचं दुकान बंद. ते बंद पाडायला गावच्या मतदारयादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांची मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. नुसत्या मतदानाला आलेल्यांच्या निम्मी नव्हेत, यादीतल्या. नवऱ्याच्या धाकानं उंबरा न ओलांडणारी बाईसुद्धा त्यात मोजली जाते. तिला बाहेर काढणारी ओळ तिच्या ओट्यावर बसून आलेल्या बाईलाच सुचते. ती तुम्हाला सुचली. शाहिरांनी ती गायली, चांगली गायली असेल.

आणि देवमाणूस म्हणता, तर त्या देवमाणसाला कडवं कुणाचं हे माहीत नाही का? इतकी वर्षं टाळ्या घेताना एकदा तरी तुमचं नाव घ्यायला काय हरकत होती? मला त्यांचा राग आलाय, तुम्हाला येत नसला तरी.

तोशीचं अर्धंच ऐकलंत. पीटला काळ्या यादीत टाकलं होतं त्या काळात कार्यक्रम ठरवणं, हिशेब, तीन मुलं तिनं सांभाळली. हडसन नदी स्वच्छ व्हावी म्हणून १९६९ मध्ये ‘क्लिअरवॉटर’ ही शिडाची नौका पाण्यात उतरली. त्या कामासाठी भरणारा संगीत महोत्सव तिनंच उभा केला. पण १९६५-६६ मधल्या पीटच्या टीव्ही मालिकेत एवढं राबूनही श्रेयनामावलीत तिच्या नावापुढे काय आलं? मुख्य स्वयंपाकीण आणि बाटल्या विसळणारी. गंमत म्हणून लिहिलं असेल. पण त्या मालिकेपुरतं कागदावर तेच राहिलं. २०१३ मध्ये, लग्नाला सत्तर वर्षं पुरी व्हायला थोडे दिवस असताना ती गेली. तिचा दाखला मुकाट राहण्यासाठी देऊ नका.

तुमचा कागद अजून छापला गेलेला नाही, तो तुमच्याच हातात आहे. आजच लाल पेन घ्या. त्या कडव्याखाली तुमचं पूर्ण नाव लिहा. ‘शाहिरांच्या पत्नी’ नको, ‘सौ.’ नको, नुसतं नाव. प्रूफ छापखान्यात पाठवा आणि मग घरात सांगा. आधी विचारलंत, तर तुमच्याच ओळींसाठी तुम्ही परवानगी मागितल्यासारखं होईल. कुणी कायदा काढलाच, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५७ वं कलम दाखवा : हक्क दुसऱ्याला दिले, तरी रचना आपली आहे हे सांगण्याचा अधिकार रचणाऱ्याकडेच राहतो.

ओटी भरतील तर भरू देत. आधी प्रूफ पाठवा.