ब्रॉयलर पिंजऱ्यात वाढवावेत की गादीवर?

तुम्ही 1000 ब्रॉयलरचं, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचं शेड टाकताय आणि पिंजरे घ्यावेत का असं विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: गादीच करा, म्हणजे जमिनीवर तुसाचा थर पसरून त्यावर पक्षी वाढवा.

पिंजरे अंड्यांच्या कोंबड्यांना चालतात, कारण त्या हलक्या असतात. ब्रॉयलर 40 दिवसांच्या आसपास दोन-सव्वादोन किलोचा होतो आणि दिवसाचा बराच वेळ बसून काढतो. तारेवर बसून छातीला फोड येतात, पाय अधू होतात, पक्षी बाहेर काढताना पंख मोडतात. व्यापारी असा माल बाजूला काढतो. शिवाय पिंजऱ्यांचा खर्च अंगावर येतो तो वेगळाच.

पिंजऱ्याचा एक फायदा मात्र खरा. विष्ठा खाली पडते, पक्ष्याच्या तोंडाशी येत नाही, म्हणून रक्ती हगवण कमी होते. गादीवर हा रोग ओलाव्यातून वाढतो. त्यामुळे सगळं लक्ष तुसावर ठेवा. दोन-तीन इंच भाताचं तूस पसरा, रोज खालीवर करा, पाण्याच्या भांड्याखालचं ओलं तूस लगेच उचला. मूठभर तूस दाबून बघा: गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओल जास्त आहे. मूठ उघडताच भुगा झाला तर ठीक. सकाळी शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले, तर अमोनिया साठलाय. आधी पडदे उघडा.

पक्ष्याला किमान एक चौरस फूट जागा द्या, उन्हाळ्यात थोडी जास्तच. बॅच निघाल्यावर तेच तूस खत म्हणून शेतात जातं.