उंची पाच फूट असेल तर आधी चाक बघा, मग फ्रेम

ताई, तुमची उंची पाच फूट, रोज सायकलने ऑफिसला जायचंय आणि थंडीत सामान लादून अलिबागहून किनाऱ्याने गोव्यापर्यंत. दुकानदार म्हणतोय, "७००सीची हायब्रिड घ्या, सगळ्यात छोटी साइझ, सीट खाली करून देतो." ७००सी हे चाकाचं मोठं माप, आणि हायब्रिड म्हणजे रोड सायकल आणि एमटीबी (डोंगरी सायकल) यांच्या मधला प्रकार. माझं ऐकाल तर ती घेऊ नका. २६ इंची चाकांची सायकल शोधा.

७००सीच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, २६ इंचीचा ५५९. फ्रेम कितीही छोटी केली तरी चाक तेवढंच राहतं, त्यामुळे पुढचं चाक पायाच्या अगदी जवळ येतं. दुकानातच तपासा: रोजचे बूट घालून पेडल पुढे आडवं धरा आणि हँडल वळवा. बुटाचं टोक टायरला घासलं तर घाटातल्या वळणावर हळू चढताना तेच तुम्हाला पाडेल. मडगार्ड लावलं की अंतर आणखी कमी होतं. २६ इंची चाकात इथेच तीनेक सेंटिमीटर मोकळे मिळतात.

दुसरी गोष्ट कागदावर लपते. छोट्या फ्रेमवर मोठं चाक बसवायला कंपन्या बऱ्याचदा सीटची नळी जास्त उभी करतात. मग टॉप ट्यूबचा (सीटपासून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या नळीचा) आकडा छान कमी दिसतो, पण पेडलच्या हिशेबाने सीट जागेवर आणायला ती मागे सरकवावी लागते आणि हँडल पुन्हा लांब जातं. म्हणून कंपनीच्या मापांच्या तक्त्यात टॉप ट्यूब न बघता 'रीच' बघा, म्हणजे पेडलच्या मधल्या आसापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. खांदे आणि मान दुखायचं मूळ बहुतेक वेळा तिथेच असतं. सीट खाली केल्याने यातलं काहीच सुटत नाही. अमेरिकेतल्या सर्ली कंपनीच्या लाँग हॉल ट्रकर या गाजलेल्या टूरिंग सायकलीच्या ४२ ते ५४ सेंटिमीटरच्या फ्रेम २६ इंची चाकांवरच यायच्या, ७००सी मिळायचं ते ५६ पासून पुढे.

कोकणात छोट्या चाकाचा आणखी एक फायदा आहे. त्या रस्त्याला सपाटी अशी नाहीच. खाडीपर्यंत उतरायचं, फेरीबोटीत सायकल चढवायची, पलीकडे उतरलं की लगेच चढ. दाभोळहून धोपाव्याला उतरा, तवसाळहून जयगडला उतरा, तेच. आरे-वारेचे चढही चांगलेच अंगावर येतात. चाक लहान असलं की त्याच दातांवर गिअर सहा-सात टक्के हलका पडतो. पुढच्या लहान चक्राला २२ दात आणि मागच्या मोठ्याला ३४ असलेली सायकल मिळाली तर भरल्या पॅनियरसकट (कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्यांसकट) बसून चढता येईल. हायब्रिडला पुढचं लहान चक्र बहुधा २८ चं असतं. तो फरक दुपारच्या उन्हात गुडघ्याला कळतो.

टायरचं म्हणाल तर एमटीबीचे २६ इंची टायर-ट्यूब तालुक्याच्या गावी सहज मिळतात. फक्त '२६' एवढंच वाचून घेऊ नका. साध्या लेडीज सायकलीच्या टायरवरही २६ लिहिलेलं असतं, पण २६ x १ ३/८ म्हणजे ५९०, तो तुमच्या रिमवर बसणारच नाही. टायरच्या कडेला ५५९ हा आकडा शोधा. रुंदी १.७५ इंचाच्या आसपास, नक्षी गुळगुळीत.

क्रँक (पेडल ज्यांना लावतात ते दांडे) १७० मिलिमीटरचे आले तर १६० किंवा १६५ चे बदलून घ्या, तुमच्या पायाला ते खरंच फरक पाडतील. ब्रेकच्या लिव्हरवर बारीक स्क्रू असतो. तो आत घेतला की लिव्हर बोटांजवळ येतो. छोट्या हातांसाठी हे पहिल्याच दिवशी करा, उतारावर हात आखडत नाहीत.

नवी तयार टूरिंग सायकल तुमच्या मापात इथे मिळणं अवघड आहे. मी तुमच्या जागी असते तर सस्पेन्शन नसलेली, स्टीलची, छोट्या फ्रेमची जुनी एमटीबी शोधली असती. मागच्या फोर्कवर कॅरियरचे बोल्ट लावायला भोकं आहेत ना, फ्रेमच्या जोडांवर गंज किंवा तडा नाही ना, आणि सीटपोस्ट (सीटखालची दांडी) वर-खाली सरकतो ना, एवढं बघून घ्या. अडकलेला सीटपोस्ट असेल तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. वाचलेल्या पैशांतून चांगली चाकं बांधून घ्या, मागच्या चाकाला ३६ आरे.

सायकल सापडली की घेण्याआधी तिचे फोटो आणि तुमच्या पायाची आतली लांबी इथे टाका. अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, जाड पुस्तक मांड्यांमध्ये वर दाबून धरा आणि तिथपासून जमिनीपर्यंत मोजा. त्यावरून फ्रेम चालेल की नाही ते सांगते.