दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक खरंच वेडा होता का? त्याच्या घराण्याचं आणि त्याच्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचं खरं-खोटं काय?

वेडा म्हणणं मला पटत नाही. क्रूर मात्र होता, आणि त्याची झळ आधी घरच्यांनाच बसली.

1325 साली बाप गियासुद्दीन बंगालची मोहीम उरकून परतत होता. मुहम्मदने दिल्लीजवळ अफगाणपूरला स्वागतासाठी लाकडी मंडप उभारला. जेवणं झाली आणि मंडप कोसळला. बाप आणि त्याचा लाडका मुलगा महमूद दोघंही गेले. त्या काळचा दरबारी इतिहासकार बरनी म्हणतो, वीज पडली. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता म्हणतो, मुद्दाम हत्ती चालवले. ढिगारा उपसला तेव्हा म्हातारा पोराला वाचवायला त्याच्यावर ओणवा झालेला सापडला. वाचताना काटा येतो, पण बतूता दिल्लीत आला तो पुढे 1334च्या सुमारास. म्हणजे हे ऐकीवच.

सावत्र भाऊ मसूदचं तसं नाही. त्याला बतूताने स्वतः पाहिलं होतं. बंडाचा संशय आला आणि सुलतानाने भर बाजारात त्याचं मुंडकं उडवलं. आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्पने खरोखरच बंड केलं होतं. त्याची जिवंतपणी कातडी सोलली.

आता राजधानीची गोष्ट. 1327 मध्ये सुलतानाने राजधानी दिल्लीहून दख्खनमधल्या देवगिरीला हलवली, देवगिरीचं दौलताबाद झालं आणि दिल्लीत म्हणे कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही. एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत नेलं आणि पोचला तो फक्त त्याचा पाय, हा किस्सा तर सगळ्यांनाच ठाऊक असतो. पण 1327 आणि 1328 चे दिल्ली परिसरातले संस्कृत शिलालेख तिथल्या भरभराटीचं वर्णन करतात. हलवले गेले ते मुख्यतः उमराव, उलेमा म्हणजे धर्मपंडित, सूफी आणि त्यांचा गोतावळा. त्यांचेही हाल झालेच, पण गाव ओस पडलं ही बरनीची अतिशयोक्ती. चांदीच्या नाण्याच्या किमतीने तांब्याची नाणी चालवण्याच्या त्याच्या योजनेत डोकं चाललं होतं, पण नकली नाण्यांचा बंदोबस्त नव्हता. घरोघरी टांकसाळी निघाल्या, आणखी काय होणार!

राजधानी हलवण्याचा डाव दिल्लीला फसला, दख्खनमध्ये मात्र त्याचा ठसा उरला. आलेली सगळीच माणसं परत गेली नाहीत. सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन यांच्या कबरी दौलताबादजवळ खुलताबादला आहेत. 1347 मध्ये इथल्याच अमिरांनी बंड करून बहमनी राज्य उभं केलं आणि त्या राज्यात दखनी, म्हणजे उर्दूचं दख्खनी रूप, वाढली. बीड जिल्ह्यात सुलतानाच्या दाताचीसुद्धा कबर दाखवतात. दात पडला म्हणून घुमट बांधला, असं सांगतात.

1351 मध्ये सिंधमध्ये ठट्ट्याजवळ तो मेला. गादीवर आला चुलतभाऊ फिरोजशाह. मुहम्मदने मारलेल्यांच्या वारसांना फिरोजने पैसे देऊन त्याला माफ केल्याची पत्रं लिहून घेतली आणि पेटीत घालून मुहम्मदच्या कबरीच्या उशाशी ठेवली. हे फिरोजने स्वतःच लिहून ठेवलंय, त्यामुळे घरच्यांचं मत काय होतं ते वेगळं शोधायला नको.