स्थलांतर आणि घर या विषयावर फोटोमालिका करायची आहे. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांपासून, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्यांपासून, सुरुवात करावी का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात फोटोग्राफी शिकताय, प्रकल्पासाठी हा विषय घेतलाय आणि जानेवारीत आठ दिवस साखर कारखान्याच्या तळावर, म्हणजे तोडणाऱ्यांच्या वस्तीवर, राहून कोप्यांचे फोटो काढायचा बेत आहे. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला. आई-आप्पांनी बावीस हंगाम ऊस तोडला, त्यातले सुरुवातीचे काही मीही त्यांच्यासोबत कोपीत काढले. आता नोकरी सांभाळून फोटो काढतो, बहुतेक आमच्याच माणसांचे. जानेवारीत जरूर जा. पण त्याआधी एकदा बीडकडच्या एखाद्या गावात जाऊन या, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला निघतात त्या दिवसांत. कारण नुसत्या कोपीचा फोटो बघणाऱ्याला वाटतं, या लोकांना घरच नाही. त्यांना घर आहे. सहा महिने त्याला कुलूप असतं, नाहीतर त्यात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं असतात.

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. १९७२ च्या दुष्काळानंतर ऊसतोडीला जाणं वाढत गेलं आणि पुढे ती रीतच झाली. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घ्यायचे आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल जाते लग्नात, दवाखान्यात आणि घर बांधण्यात. आमचं दोन खोल्यांचं घर असंच उभं राहिलं. सरकारी योजनेतलं घरकुल आजीच्या नावावर मंजूर झालं होतं, एक लाख वीस हजाराचं. तेवढ्यात स्लॅब पडत नाही. वरचे पैसे आप्पांनी उचल म्हणून घेतले आणि ते फेडायला दोघं नव्या घराला रंग लागायच्या आत कोल्हापूरकडे निघून गेले.

आता फोटोचं सांगतो. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्यांवर मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो, जागेच्या नोंदीसकट, सरकारी ॲपवर चढवावा लागतो. आमच्या जोत्याचा फोटो माझ्याकडे आहे. गुडघाभर भिंत, मागे वाळूचा ढीग, आणि मधोमध आजी. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, दोन्ही हात मांड्यांना चिकटलेले, नजर समोर. तिच्या आयुष्यातला हा दुसरा की तिसरा फोटो असेल. फोटो नीट आला नाही तर हप्ता अडकेल असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून ती श्वास रोखून उभी होती. आमच्या शेजारचं घरकुल ऊस तोडायला गेलेल्या माणसाच्याच नावावर होतं. त्याला फोटोसाठी बोलावणं आलं. रात्रीच्या एसटीने आला, जोत्यापुढे उभा राहिला, त्याच रात्री परत गेला. उसाच्या फडावर त्या दिवसांचा खाडा लागला तो वेगळा.

तेव्हा तुमच्या मालिकेचा पहिला फोटो तुम्ही काढलेला नसला तरी चालेल. लोकांच्या फोनमध्ये आणि पेटीत काय आहे ते आधी बघा. माझा धाकटा भाऊ गावात आजीजवळ होता. तो रोज संध्याकाळी बांधकामाचा फोटो आप्पांना पाठवायचा: आज लिंटेल झालं, आज सळई बांधली, आज स्लॅब. आप्पा फोन रस्त्यावरच्या किराणा दुकानात चार्जिंगला लावायचे आणि रात्री जेवण झाल्यावर शेजारच्या चार कोप्यांमध्ये तो फोन फिरायचा. आमचं घर माझ्या बापाने असं फोटोंमध्ये वाढताना पाहिलं. आईने तर स्लॅबच्या फोटोची प्रिंट मागवून घेतली आणि कोपीच्या कामटीला, म्हणजे बांबूच्या पट्टीला, दोऱ्याने बांधली. फोटोग्राफी शिकवणारे 'घराची संकल्पना' म्हणून जे काही सांगतात, ते मला तिथे, त्या दोऱ्यापाशी समजलं.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम संपत आला होता आणि माणसं तळांवरच अडकली. एप्रिलच्या मध्यानंतर सरकारने तपासणी करून त्यांना गावी सोडायला परवानगी दिली. पण गावात लगेच घेतलं जात नव्हतं. आई-आप्पा आले ते थेट शेतात. तळावरून आणलेल्याच कामट्या आणि ताडपत्री काढली आणि लिंबाखाली कोपी घातली, स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. आजी बांधावर भाकरीचं गाठोडं ठेवून मागे सरायची, मग आई येऊन उचलायची. मी पुण्यात अडकलेलो. भावाने घराच्या स्लॅबवर चढून फोनमधून एक फोटो काढला. झूम केल्यामुळे सगळं फाटल्यासारखं दिसतं. निळा ठिपका म्हणजे ताडपत्री. तिच्या पुढे आई कपाळावर आडवा हात धरून उभी आहे आणि घराकडे बघते आहे. मी इतकी वर्षं चांगला कॅमेरा घेऊन फिरतोय, पण या फोटोच्या जवळ जाईल असं माझ्याकडे अजून काही नाही.

प्रत्यक्ष तळावर गेल्यावरच्या काही गोष्टी. कोपीचं दार एवढं खाली असतं की वाकून, जवळजवळ बसूनच आत जावं लागतं. आत उजेड फक्त दारातून येतो. त्यामुळे दाराशी बसून आत बघा किंवा आत बसून दाराकडे. मध्ये उभं राहायला जागाच नाही. ३५ मिलिमीटरची लेन्स पुरते. फ्लॅश मारू नका, दिवसभर राबून आलेल्या माणसाच्या तोंडावर तर मुळीच नाही. निळ्या ताडपत्रीखाली चेहरे निळसर येतात. मी आधी तो रंग काढून टाकायचो, हल्ली ठेवतो, कारण आत बसल्यावर माणसं तशीच दिसतात.

पहाटे चारच्या सुमाराला चुली पेटतात आणि तासाभरात तळ रिकामा होतो. फडावर बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. संध्याकाळी येऊन पाणी, स्वयंपाक, लेकरं. आणि रात्री गाडी भरायची हाक आली की पुन्हा उठून जायचं. हे तुम्हाला सांगायचं कारण असं की तिला 'जरा परत एकदा मोळी उचलता का' असं कधीही म्हणू नका. एका उचलण्याचं तिच्या मानेला काय लागतं ते मी आईची मान चोळताना पाहिलंय.

आणि विचारल्याशिवाय काही काढू नका. २०१९ मध्ये आमच्या जिल्ह्यातल्या बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. ती बातमी व्हायलाच हवी होती. पण तेव्हा आलेल्यांपैकी एकाने माझ्या चुलतीला पोटावरचा व्रण दाखवायला सांगितला. ती घरात गेली ती तो निघून जाईपर्यंत बाहेर आली नाही. कॅमेरा दिसला की अजूनही ती आत जाते, माझा असला तरी.

तुमच्या अभ्यासक्रमात अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगचा तो १९३६ चा फोटो नक्की असेल, कॅलिफोर्नियातल्या वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीतली आई आणि तिला बिलगलेली लेकरं. लँगने पुढे स्वतःच लिहिलं की तिने त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये. चाळीस वर्षं तिचा चेहरा छापला जात राहिला. तो फोटो मोठा आहे यात शंका नाही, आणि त्या छावणीला पुढे धान्य मिळालं तेही खरं. तरीही तुम्ही नाव विचारा. कोणत्या गावचे, गावात घर कसं आहे, आत्ता तिथे कोण आहे, हे विचारा. ते नाव छापायचं की नाही हे मात्र त्यांना ठरवू द्या. मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या माणसाला नाव आल्याचा त्रास होऊ शकतो.

आठ दिवसांत हे होणार नाही. एकच कुटुंब घ्या आणि तीनदा भेटा: निघताना गावात, हंगामात तळावर, आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत गावात. मार्च-एप्रिलमध्ये कारखाना बंद झाल्यावर तळावरही एक चक्कर मारा. कोप्या मोडलेल्या असतात. जमिनीवर सारवलेले गोल तेवढे उरतात, प्रत्येकात चुलीचा काळा डाग. एका बाईने पाच महिने जिथे राहायचं ती माती शेणाने सारवून ठेवली होती, हे त्या गोलांवरून जितकं कळतं तितकं भरलेल्या तळाच्या फोटोतून कळत नाही.

प्रिंट न विसरता द्या, आणि लॅमिनेट करून द्या, कोपीत दव आणि धूर दोन्ही असतात. मी आईला कोपीतला तिचा एक फोटो मोठा करून दिला होता, चुलीपुढे बसलेली, उजेड एका गालावर. माझ्या मते माझा सगळ्यात चांगला फोटो. घराचा फोटो कोपीत कामटीला बांधणाऱ्या आईने हा फोटो मात्र घरात भिंतीवर लावला नाही, पेटीत तळाशी ठेवला. विचारलं तर म्हणाली, "पाहुणे येतात रे घरात." तुम्ही दोन्ही ठिकाणचे फोटो द्या, आणि कोणता कुठे लागला ते बघायला पुढच्या दिवाळीत पुन्हा जा.