पाच वर्षांच्या पोराची बुद्धी मोजायची का?

"मॅडम, एकशेतीस पाहिजेत. एकशेतीसच्या खाली शाळा घेत नाही."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत मी मुलांच्या बुद्धिमत्ता चाचण्या घेते. तिथे खुर्चीला पाठ टेकायच्या आधीच वडिलांनी हे सांगून टाकलं. शिरोली एमआयडीसीत त्यांचं मशीन शॉप आहे. आई बँकेत. दोघांच्या मध्ये पाच वर्षं दोन महिन्यांचा मुलगा आईच्या पर्सची चेन उघडत-लावत बसला होता. त्याचं नाव इथे देत नाही, बाकी तपशीलही थोडे बदलले आहेत. आजोबा त्याला 'पैलवान' म्हणतात, मीही तेच म्हणते.

शहरातल्या एका खासगी शाळेने पहिलीपासून 'प्रज्ञावान मुलांची तुकडी' सुरू केली होती आणि त्यासाठी बुद्ध्यंकाचा, म्हणजे आयक्यूचा, दाखला मागितला होता. आईची घालमेल वेगळी होती. "चाचणी केली नाही तर पोराची संधी आपल्या हातानं घालवल्यासारखं होईल. केली आणि कमी आले, तर आपणच त्याच्यावर शिक्का मारल्यासारखं. मला रात्री झोप लागत नाही." हा प्रश्न मला वर्षातून कितीतरी वेळा ऐकायला मिळतो, जानेवारी-फेब्रुवारीत तर जास्तच.

चाचणीआधी मी मुलांशी नुसत्या गप्पा मारते. मी म्हटलं, "सांग बरं, आंबा आणि..." पैलवान ओरडला, "दोन्ही फळं!" मी आंबा आणि त्याचं झाड याबद्दल काहीतरी विचारणार होते. पुढच्या दोन प्रश्नांनाही तेच झालं. प्रश्न अर्धा असतानाच उत्तर, आणि लगेच नजर दाराकडे. दाराबाहेर बाबा होते.

दोन महिने रोज रात्री मोबाईलवर सराव चालला होता. मी चाचणीच्या सामानाची पेटी बंद केली. त्या दिवशी चाचणी घेतली नाही.

वडील नाराज झाले, ते साहजिक होतं. पण पाठ करून आलेल्या मुलाची चाचणी घेतली तर आकडा त्याच्या विचारशक्तीचा येत नाही, सरावाचा येतो. डोळे तपासायच्या आधी तक्त्यावरची अक्षरं पाठ करून गेलं तर चष्म्याचा नंबर चुकणारच.

उरलेला वेळ आम्ही खिडकीत उभे राहिलो. खाली गाड्या लागल्या होत्या. पैलवान आपणहून सुरू झाला, "ती एमएच दहा, सांगलीची. ती केए बावीस, बेळगावची. ही सगळी नऊ, आपली." आजोबांबरोबर रंकाळ्यावर फिरताना शिकलेला. मग म्हणाला, "पुण्याला बारा आहे, आणि पिंपरी-चिंचवडला चौदा. ते तर पुण्याला चिकटूनच आहे. मग दोन नंबर कशाला?" मी म्हटलं, गाड्या फार असतील. तो क्षणभर थांबला. "मोजल्या कुणी?"

या वेळी त्याने दाराकडे पाहिलं नाही.

आठवड्याने आईवडिलांना दोघांनाच बोलावलं. या चाचण्यांचा जन्मच मुळी वेगळ्या कामासाठी झालाय, तिथून मी सुरुवात केली. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमोन यांनी पहिली चाचणी केली ती वर्गात मागे पडणाऱ्या, मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखण्यासाठी. बुद्धी हा कायमचा ठरून गेलेला आकडा आहे, असं बिने मानत नव्हते. आपल्याकडे डॉ. कामतांनी तिचं मराठी आणि कन्नड रूप केलं, ते बिने-कामत नावाने अजून वापरात आहे. चाचणी जुनी असली की तिची मोजपट्टीही जुन्या काळच्या मुलांवर बेतलेली असते, आणि आजच्या मुलांना तिच्यावर आकडा चढा मिळतो. म्हणून शेजारच्या पोरीला दुसरीकडे १४२ मिळाले आणि आपल्याला किती, ही तुलना करूच नये. चाचणी कोणती, ती कुणी घेतली, कोणत्या भाषेत घेतली, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. घरी कोल्हापुरी मराठीत विचार करणाऱ्या मुलाला केवळ शाळा इंग्रजी माध्यमाची म्हणून इंग्रजीत प्रश्न विचारले, तर त्यात त्याची बुद्धी कमी आणि इंग्रजी जास्त मोजलं जातं.

वडील ऐकत होते, पण त्यांच्या डोक्यातून १३० जात नव्हता. मग मी त्यांच्याच कामातलं विचारलं. "तुमच्याकडे ड्रॉइंग येतं त्यावर नुसतं पंचवीस मिलिमीटर लिहिलेलं चालतं का?"

"छे! टॉलरन्स पाहिजे की. प्लस-मायनस किती ते कळल्याशिवाय जॉब मशीनवर चढवतच नाही."

"बुद्ध्यंकालाही प्लस-मायनस असतं. चांगल्या चाचणीतही पाच-सहा गुण इकडेतिकडे. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर तो दोन-तीन वर्षांनी बराच बदलू शकतो. झोप, सर्दी, अनोळखी खोली, सगळ्याचा परिणाम होतो. १२८ आणि १३१ मध्ये फरक आहे असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?"

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मी त्यांना शाळेत पाठवलं, एकच गोष्ट विचारायला: या तुकडीत वेगळं काय शिकवणार, ते सांगा. शिक्षण हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानुसार प्रवेशासाठी मुलांची चाळणी लावायला मनाई आहे, हेही सांगितलं. शाळेचं म्हणणं, ही चाचणी प्रवेशासाठी नाहीच, तुकडीसाठी आहे. आणि वेगळं काय, तर रोज एक तास जादा, गणिताची वरच्या इयत्तेची पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची तयारी, आणि फी वाढीव. आई हे सांगताना स्वतःच म्हणाली, "मॅडम, त्याच्या 'मोजल्या कुणी'ला तिथं कोण उत्तर देणार?"

प्रज्ञावान मुलांसाठी खास सोय करण्याच्या मी विरोधात नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून हे काम मनापासून केलंय. पण त्यांच्या प्रशालेत मुलं येतात पाचवीत, दहा वर्षांच्या आसपास. सरकारी शिष्यवृत्ती परीक्षासुद्धा चौथी-पाचवीच्या वयातच सुरू होते. तोवर मूल लिहायला, टिकून बसायला, चुकलं तर सावरायला शिकलेलं असतं.

आजोबा एकदा पैलवानाला घेऊन आले तेव्हा त्यांनी निकालच लावला. "ताई, ह्या चाचण्या-बिचण्या काय कामाच्या न्हाईत. एवढ्याशा पोराला लाल मातीत नुसतं लोळू द्यायचं असतंय. जोड मागनं लावायची." उमेदीच्या काळात तालमीत घाम गाळलेला माणूस. जोडीबद्दल, म्हणजे मुकाबल्याची घाई नको याबद्दल, मला त्यांचं पटलं. चाचणी कामाची नाही, हे मात्र पटलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

कारण आठ महिन्यांनी आम्ही चाचणी केलीच. मोबाईलवरचा सराव बंद होऊन बरेच दिवस झाले होते, दुसऱ्या शाळेत पहिली सुरू झाली होती, आणि आता खरा प्रश्न समोर आला होता. वर्गशिक्षिका सांगत होत्या, मुलगा पुढचं पुढचं बोलतो, पण लिहायला दिलं की वही ढकलून रडतो. लबाडी की अडचण, हे कळायला हवं होतं.

घरच्यांनी त्याला काय सांगायचं ते आधी ठरवलं. "त्या मावशी काही गोष्टी विचारतील. काही येतील, काही येणार नाहीत. त्यात मोठ्या मुलांचेही प्रश्न असतात." हे शब्दशः खरं आहे. यातले बरेचसे भाग लागोपाठ काही प्रश्न चुकेपर्यंत पुढे जात राहतात, त्यामुळे कितीही हुशार मूल शेवटी 'नाही आलं' इथेच थांबतं. ते अजून मनात ताजं असताना दारात कुणी "किती आले?" विचारलं की ते पडलेलं तोंड मी पाहिलेलं आहे. म्हणून सकाळची वेळ, पोटभर नाश्ता, आणि घरी जाताना चाचणीचा विषय नाही, एवढं मी सगळ्यांनाच सांगते.

आकडा आला १२४, म्हणजे साधारण ११८ ते १३०. शाळेची ती रेघ नेमकी याच पट्ट्याच्या काठावर. पण कामाचं होतं ते अहवालाच्या आतल्या पानांवर. शब्दांतून विचार करण्यात पैलवान आपल्या वयाच्या खूप पुढे होता. पेन्सिलीने भराभर करायच्या कामात मात्र अगदी वयाइतका, सहा वर्षांच्या कुठल्याही मुलासारखा. डोक्यात दहा वाक्यं तयार, आणि हात पहिल्या शब्दावर. रडू तिथून येत होतं. लबाडी नव्हती.

मी शाळेसाठी पत्र लिहून दिलं. काही दिवस उत्तरं तोंडी घ्यावीत, लिखाण थोडं द्यावं, अक्षरावरून ओरडू नये. घरी कणीक मळणं, माती, कात्री, दोऱ्यात मणी ओवणं. पुस्तकांची जबाबदारी आजोबांकडे गेली. १८५० पासून चालू असलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात ते तसेही रोज पेपर वाचायला जातात.

अहवाल फाइलमध्ये घालण्याआधी वडिलांनी खिशातलं पेन काढलं. १२४ च्या पुढे स्वतःच्या हाताने '± ६' लिहिलं, आणि मला म्हणाले, "शाळेतल्या बाईंना भेटायला कधी जाऊ?"